छापील कार्ड आणि गिटार

कोकणात जाणाऱ्या एस.टी. गाड्या पनवेलच्या स्टँडवर थांबत, तेव्हा शेंगदाणेवाल्यांच्या पाठोपाठ भिकारीही आत चढत. १९६८ च्या मे महिन्यातली गोष्ट. मी दहा वर्षांचा होतो आणि आईबरोबर आजोळी महाडला निघालो होतो. एक मुलगी गाडीत चढली आणि प्रत्येकाच्या मांडीवर मुकाट्याने एकेक पिवळे छापील कार्ड ठेवीत गेली. बाप आंधळा, घर पुरात गेले, तरी दयाळू सज्जनांनी मदत करावी, अशी हकीकत. आणि शुद्धलेखनाच्या तर चुकाच चुका! परतीच्या वाटेवर कार्डे नि पैसे गोळा करायचे, ही तिची रीत. मी वाचण्यात गुंग, तोच कंडक्टरने घंटी दिली. ती उतरली. कार्ड माझ्या हातातच राहिले.

“अरे, तिचं कार्ड तुझ्याकडेच राहिलं की!” आई म्हणाली. महाड येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

हे कार्ड पुढे मला एका गाण्यात भेटेल, आणि तेही गिटारवरच्या इंग्रजी ‘रॉक’ गाण्यात, असे कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो. ते गाणे रचणारे गृहस्थ म्हणजे आपले अरुण कोलटकर. ‘जेजुरी’चे कवी म्हणून वाचक त्यांना ओळखतात, पण या कवीला एके काळी रॉक-गायक व्हायचे होते, हे फारसे कुणी सांगत नाही. १९७३ मध्ये त्यांनी स्वतः रचलेल्या चार इंग्रजी गाण्यांचे नमुन्यादाखल ध्वनिमुद्रण केले. त्यांतले ‘पुअर मॅन’ हे गाणे भिकाऱ्यांच्या त्या छापील कार्डांवरून सुचलेले! दुसऱ्या एकाचे नाव ‘रेडिओ मेसेज फ्रॉम अ क्वेक हिट टाउन’. नाव कसले, वर्तमानपत्रातला मथळाच तो.

अशा संगीताला तिकडे ‘अंडरग्राउंड’ म्हणत. आपल्याकडे भूमिगत म्हटले की बेचाळीसचे क्रांतिकारक आठवतात, पोलीस पाठीशी लागतात. इथे पाठीशी कोणीच लागत नाही, हेच दुःख. न्यूयॉर्कला ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ नावाचा ताफा होता. त्यांच्या १९६७ च्या तबकडीच्या वेष्टनावर अँडी वॉरहॉलने पिवळे केळे काढले. हा वॉरहॉल मूळचा जाहिरातींचा चित्रकार. १९६२ मध्ये त्याने सूपच्या डब्यांची चित्रे मांडली नि ‘पॉप आर्ट’चा गाजावाजा झाला. बाजारातले, छापखान्यातले, रद्दीतले उचलायचे आणि चौकटीत बसवायचे, हे त्या कलेचे मर्म. आपल्याकडेही भूपेन खक्करांनी १९६५ च्या सुमारास देवादिकांच्या छापील तसबिरी चिकटवून चित्रे केली होती.

कोलटकरही जाहिरातीतलेच. कोल्हापूरचा हा मुलगा मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकला, १९५७ मध्ये पदविका घेतली आणि जाहिरात-कलेत मोठे नाव कमावले. पण त्यांना कुणी वॉरहॉलचा चेला म्हटले, तर मला ते पटत नाही. अर्जुन शेजवळांकडे ते पखवाज शिकले होते. बळवंतबुवा या भजनीबुवांशी त्यांचे वर्षानुवर्षांचे सख्य होते. पखवाजावर बसलेला तो हात गिटारकडे वळला, तो केवळ विलायती हौसेने, असे कसे म्हणावे? रस्त्यावर जे बोलले जाते, छापले जाते, भीक म्हणून पुढे केले जाते, त्यात लय ऐकण्याची सवय त्यांना भजनाच्या बैठकीतच लागली असावी, असा आपला माझा तर्क.

गाण्यांचे पुढे काय झाले? काहीच नाही. तबकडी निघाली नाही, हा गायक मैफिली गाजवीत हिंडला नाही. १९७६ मध्ये ‘जेजुरी’ इंग्रजीत निघाली, १९७७ मध्ये तिला राष्ट्रकुल पारितोषिक मिळाले आणि कवीने गायकाला झाकून टाकले. २५ सप्टेंबर २००४ रोजी कोलटकर पुण्यात वारले. अरविंद कृष्ण मेहरोत्रांनी संपादिलेल्या ‘द बोटराइड अँड अदर पोएम्स’ या २००९ च्या संग्रहात ती गीते पुस्तकरूपाने आली.

माझ्या प्रतीत ‘पुअर मॅन’च्या पानाशी ते पिवळे कार्ड खुणेसाठी ठेवलेले आहे. परत करायचे राहून गेलेले. त्याच्या एका कोपऱ्यावर तेलकट बोटाचा ठसा अजून दिसतो. तिचा की माझा, ते आता ओळखता येत नाही.