चार इंचांची पट्टी

पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअरिंगला असताना मला एम-थ्रीत केटी लागली होती. एकदा नाही, दोनदा. त्याच दिवसांत मित्राबरोबर जुन्या गाड्यांच्या एका प्रदर्शनाला गेलो. मोठमोठ्या चकचकीत गाड्यांच्या कडेला एक गोल, गुबगुबीत मॉरिस मायनर उभी होती. तिचे मालक, सत्तरीचे काका, फडक्याने बॉनेट पुसत होते.

"हात लावून बघ," ते म्हणाले. बॉनेटच्या मधोमध, पुढून मागे, एक सपाट रुंद पट्टी किंचित वर आलेली. मला वाटलं, डिझाइन असेल.

"डिझाइन नाही रे. इथे गाडी कापलीय. सगळ्याच मायनर अशा."

त्या रात्री मोबाइलवर वाचत बसलो. एम-थ्रीचं पुस्तक बाजूलाच पडलं होतं.

गाडीचा जनक अॅलेक इसिगोनिस. जन्म १९०६ साली स्मर्नाचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझमीरचा. ग्रीक-तुर्की युद्धाच्या शेवटी, १९२२ साली, कुटुंबाला तिथून निघावं लागलं. वडील वारले आणि मुलगा आईबरोबर इंग्लंडला पोचला. लंडनच्या बॅटरसी पॉलिटेक्निकमध्ये इंजिनिअरिंग शिकताना तो गणितात तीनदा नापास झाला. हे वाचून मला किती बरं वाटलं, ते सांगत नाही!

दुसरं महायुद्ध चालू असताना ऑक्सफर्डजवळच्या काउली इथल्या मॉरिसच्या कारखान्यात तो एका छोट्या कौटुंबिक गाडीवर काम करत होता. प्रकल्पाचं नाव 'मॉस्किटो', म्हणजे डास. तेव्हा लहान गाडी म्हणजे मोठ्या गाडीची गरीब नक्कल असायची: उंच, अरुंद, वळणावर डोलणारी. इसिगोनिसने इंजिन बरंच पुढे सरकवलं, चाकं लहान केली आणि पुढच्या चाकांना टॉर्शन बारचं स्वतंत्र सस्पेन्शन दिलं. टॉर्शन बार म्हणजे पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणारी पोलादी दांडी. स्टिअरिंग रॅक-अँड-पिनियनचं. स्वस्त गाडीनेही रस्ता घट्ट धरावा, हा त्याचा हट्ट होता.

कंपनीचे सर्वेसर्वा लॉर्ड नफिल्ड यांना ही गाडी अजिबात आवडली नाही. तिला त्यांनी चक्क 'पोच्ड एग' म्हटलं. युद्धाआधीची मॉरिस एट खपत होती, मग नवा खर्च कशाला? इसिगोनिसची बाजू घेणारे माइल्स थॉमस यांचं नफिल्डशी बिनसलं आणि १९४७ साली त्यांनी कंपनी सोडली.

गाडी बाजारात यायला थोडाच अवकाश होता. त्या टप्प्यावर इसिगोनिसला वाटलं, ही अरुंद दिसतेय. आकडेमोड नाही, नुसती नजर. त्याने नमुन्याची गाडी मधोमध लांबीत कापून घेतली आणि दोन्ही अर्धुकं हळूहळू दूर सरकवायला लावली. प्रमाण डोळ्यांना पटलं तिथे थांबला. अंतर भरलं चार इंच.

पण बंपर आधीच तयार होते. मग तेही मधे कापले आणि जोडपट्टी बसवली. बॉनेटवर आली ती उंच पट्टी. आतली जागा वाढली आणि गाडी रस्त्यावर अधिक स्थिर झाली.

इंजिनाची गोष्टही अशीच. इसिगोनिसला नवं, आडवं चार सिलिंडरचं इंजिन हवं होतं. ते रद्द झालं आणि मॉरिस एटचंच जुनं ९१८ सीसीचं, सुमारे २७ अश्वशक्तीचं इंजिन बसवलं गेलं. पण रुंद इंजिनासाठी राखलेली जागा तशीच राहिली. १९५२ साली ऑस्टिन आणि मॉरिस एकत्र आल्या, त्यानंतर त्याच जागेत ऑस्टिनचं ८०३ सीसीचं इंजिन आलं. १९५६ साली ९४८, १९६२ साली १०९८. फसलेल्या योजनेची रिकामी जागा गाडीला जन्मभर पुरली.

ऑक्टोबर १९४८ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात मायनर लोकांसमोर आली. शेजारी तिची मोठी बहीण, मॉरिस ऑक्सफर्ड. या दोघी पुढे आपल्याकडेही आल्या. मायनर 'बेबी हिंदुस्तान' झाली आणि ऑक्सफर्डच्या पुढच्या एका पिढीतून आपली अँबॅसिडर निघाली. तिकडे डिसेंबर १९६०मध्ये दहा लाखावी मायनर तयार झाली. हा आकडा गाठणारी ती पहिली ब्रिटिश गाडी. सलून १९७० साली बंद झाली, लाकडी चौकटीची ट्रॅव्हलर त्यानंतरच्या वर्षी. एकूण सोळा लाखांहून जास्त, आणि बॉनेटवरची पट्टी शेवटपर्यंत तशीच.

इथे थांबलो असतो तर 'गणितात नापास होऊनही' छापाचा फॉरवर्ड तयार होता. पण आणखी वाचल्यावर दोन नावं भेटली: जॅक डॅनियल्स आणि रेग जॉब. इसिगोनिस हाताने स्केच काढायचा. त्यांवरून सस्पेन्शनची आणि चॅसीची नेमकी ड्रॉइंग्ज करायचे डॅनियल्स, आणि बॉडीची जॉब. गाडी कापायचं धाडस एकाच्या नजरेचं, पण कापलेली गाडी लाखोंच्या संख्येने बनवता येईल असं काम बाकीच्यांचं. गणित टळलं नव्हतं. ते दुसऱ्या कुणीतरी केलं होतं.

माझ्याकडे डॅनियल्स नव्हता. एम-थ्री मलाच सोडवायचं होतं. तिसऱ्या खेपेला सुटलं, जेमतेम.

अजूनही कुठे मायनर दिसली, की मी आधी बॉनेटवरून हात फिरवतो. बहुतेक कारखाने आपली चूक रंगाखाली दडवतात. इथे ती तेवीस वर्षं गाडीच्या कपाळावर होती आणि लोकांना ती शोभा वाटत राहिली.