शहापूर–मुरबाड परिसर

शहापूर–मुरबाड परिसर हा महाराष्ट्र राज्याच्या ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांचा मिळून बनलेला, सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी वसलेला भूभाग आहे. उत्तर कोकणातील बंदरांकडून घाटमाथ्यावर जाणारे थळघाट, माळशेज घाट व नाणेघाट हे प्राचीन मार्ग याच भागातून जातात. येथील वस्त्यांचा विकास प्रामुख्याने या वाटांच्या, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून धरणांच्या, अनुषंगाने झाला. किल्ल्याच्या पायथ्याची गावे, हमरस्त्यावरील बाजारपेठ, रेल्वे स्थानकाभोवतीची वस्ती, धरणांची गावे आणि औद्योगिक वसाहत अशा वेगवेगळ्या काळांतील वस्त्या येथे आजही शेजारी शेजारी आढळतात. मुंबई महानगराला पाणी पुरवणारे मोठे जलाशय या परिसरात असूनही येथील अनेक पाड्यांना उन्हाळ्यात पाणीटंचाईला सामोरे जावे लागते.

भूगोल

परिसराच्या पूर्वेस सह्याद्रीची मुख्य रांग असून तिच्यापलीकडे नाशिक, अहिल्यानगर व पुणे हे जिल्हे आहेत. उत्तरेस पालघर जिल्हा, दक्षिणेस रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुका आणि पश्चिमेस भिवंडी, कल्याण व अंबरनाथ हे तालुके आहेत. वैतरणा, तानसा, भातसा, काळू व बारवी या येथील प्रमुख नद्या होत. यांपैकी भातसा, काळू व बारवी यांचे पाणी अखेरीस उल्हास नदीला मिळते.

पावसाळ्यात येथे भरपूर पर्जन्यवृष्टी होते. परंतु तीव्र उतार, मातीचा पातळ थर आणि खालचा कठीण काळा पाषाण यांमुळे पाणी जमिनीत फारसे मुरत नाही. त्यामुळे डोंगरउतारावरील विहिरी व झरे मार्च–एप्रिलपर्यंत आटतात. भात हे मुख्य पीक असून वरकस जमिनीत नागली व वरई घेतली जाते.

प्रशासकीय इतिहास

शहापूर तालुक्याचा प्रदेश पूर्वी ‘कोळवण’ या नावाने ओळखला जात असे. ब्रिटिश काळात शहापूर हे तालुक्याचे मुख्य ठिकाण होते आणि मोखाडा हा त्याचा पेटा होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. मोखाडा, जव्हार, वाडा इत्यादी तालुके नव्या जिल्ह्यात गेले, तर शहापूर व मुरबाड ठाणे जिल्ह्यातच राहिले. संपूर्ण शहापूर तालुका आणि मुरबाड तालुक्यातील काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. २०११ च्या जनगणनेनुसार शहापूर तालुक्याची लोकसंख्या सुमारे ३.१४ लाख व मुरबाड तालुक्याची सुमारे १.९० लाख होती. शहापूर व मुरबाड या दोन्ही गावांचा कारभार आता ग्रामपंचायतींऐवजी नगरपंचायतींकडे आहे.

घाटवाटा व किल्ले

मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाजवळून नाणेघाटाची वाट सुरू होते. सातवाहन काळात कल्याण व सोपारा या बंदरांतून जुन्नरकडे जाणारा माल या वाटेने जात असे. घाटाच्या माथ्यावरील लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील शिलालेख असून भारतीय अंकचिन्हांच्या प्रारंभिक पुराव्यांत त्याची गणना होते. तेथील दगडी रांजण जकात गोळा करण्यासाठी वापरला जात असल्याचे परंपरेने सांगितले जाते. लेणे व रांजण जुन्नर तालुक्याच्या हद्दीत असले, तरी वाटेची कोकणातील बाजू मुरबाड तालुक्यात आहे.

शहापूरच्या वायव्येस असलेला माहुली हा भंडारगड, माहुली व पळसगड अशा तीन भागांचा डोंगरी किल्ला आहे. निजामशाहीच्या अखेरच्या काळात शहाजीराजांनी या किल्ल्याचा आश्रय घेतला होता. मोगल व आदिलशाही फौजांच्या दबावामुळे १६३६ मध्ये त्यांना तो सोडावा लागला. पुढे शिवाजी महाराजांनी तो घेतला, १६६५ च्या पुरंदरच्या तहानुसार तो मोगलांना द्यावा लागला आणि १६७० मध्ये मराठ्यांनी तो पुन्हा जिंकला. किल्ल्याचे लष्करी महत्त्व संपल्यावर परिसराचे केंद्र डोंगरावरून खाली मुंबई–आग्रा रस्त्यावरील शहापूर गावाकडे सरकले. सध्या हा डोंगर तानसा अभयारण्याच्या क्षेत्रात असून गिर्यारोहकांचे ते परिचित स्थळ आहे.

मुरबाड तालुक्यातील सिद्धगड हा स्वातंत्र्यलढ्यामुळे स्मरणात राहिला आहे. १९४२ च्या आंदोलनात ‘आझाद दस्ता’ उभारणारे विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील यांना २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात हौतात्म्य आले. दरवर्षी या दिवशी तेथील स्मारकाजवळ अभिवादनासाठी लोक जमतात. याच तालुक्यातील गोरखगड व मच्छिंद्रगड हे जोडसुळकेही प्रसिद्ध आहेत.

रेल्वे आणि स्थानकांभोवतीच्या वस्त्या

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग कल्याणहून १८५५ मध्ये वासिंदपर्यंत, १८६० मध्ये आसनगावपर्यंत आणि १८६१ मध्ये कसाऱ्यापर्यंत सुरू झाला. थळघाटातील अवघड बांधकाम पूर्ण होऊन १८६५ मध्ये गाडी इगतपुरीला पोहोचली. घाटातील चढ १:३७ इतका तीव्र असल्याने चढणाऱ्या गाड्यांना कसारा येथे जादा इंजिने जोडली जातात. यामुळे कसारा हे मुख्यतः रेल्वे कर्मचाऱ्यांचे गाव म्हणून वाढले.

लोहमार्ग शहापूरच्या बाजारपेठेतून न जाता काही किलोमीटर अंतरावरील आसनगाववरून गेला. त्यामुळे तहसील कार्यालय, न्यायालय व जुना बाजार शहापुरात, तर स्थानक आसनगावात, अशी विभागणी झाली. मुंबई उपनगरी सेवा कसाऱ्यापर्यंत असल्याने नोकरदारांनी आसनगाव व वासिंद येथे घरे घेण्यास सुरुवात केली. पूर्वी भातखाचरे असलेल्या स्थानकालगतच्या जमिनींवर बहुमजली इमारती उभ्या राहिल्या असून शहापूर व आसनगाव यांमधील मोकळी जागा कमी होत चालली आहे. खर्डी व आटगाव या स्थानकांचे स्वरूप मात्र तुलनेने ग्रामीण राहिले आहे.

मुरबाड तालुक्यात रेल्वे नाही. कल्याण–मुरबाड लोहमार्गाची मागणी जुनी आहे. येथील दळणवळण कल्याण–अहिल्यानगर महामार्गावर अवलंबून असून मुरबाड, सरळगाव, टोकावडे ही बाजाराची गावे याच रस्त्यावर आहेत. मुरबाड येथील औद्योगिक वसाहतीमुळे गावाभोवती कामगारवस्ती वाढली.

धरणे आणि जलाशय

मुंबई शहराच्या वाढत्या गरजेमुळे विहार व तुळशी हे तलाव अपुरे पडू लागल्यावर शहापूर तालुक्यात तानसा नदीवर धरण बांधण्यात आले. सुमारे २,८०० मीटर लांबीचे हे दगडी धरण १८९२ मध्ये पूर्ण झाले. पुढे तालुक्याच्या उत्तर सीमेवरील वैतरणा नदीवर मोडक सागर (१९५७) व मध्य वैतरणा (२०१४) ही धरणे झाली. भातसा नदीवरील ८८.५ मीटर उंचीचे भातसा धरण १९८३ मध्ये पूर्ण झाले. या धरणाचे पाणी नदीपात्रातून भिवंडी तालुक्यातील पिसे बंधाऱ्यापर्यंत येते आणि तेथून उपसून पांजरापूर येथे शुद्ध केले जाते.

मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांची एकूण उपयुक्त साठवण १४,४७,३६३ दशलक्ष लिटर मानली जाते. तीत भातसाचा वाटा ७,१७,०३७ दशलक्ष लिटर, म्हणजे जवळपास निम्मा आहे. तानसाचा वाटा १,४५,०८० दशलक्ष लिटर असून या दोन जलाशयांचा मिळून वाटा सुमारे ६० टक्के होतो.

मुरबाड व अंबरनाथ तालुक्यांच्या सीमेवरील बारवी धरण महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने बांधले असून त्याचे पाणी औद्योगिक वसाहतींना व कल्याण परिसरातील शहरांना मिळते. धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढवल्यामुळे तोंडली, काचकोली यांसारखी मुरबाड तालुक्यातील गावे व पाडे विस्थापित झाले. पुनर्वसनाचा भाग म्हणून प्रकल्पग्रस्त कुटुंबांतील सदस्यांना नोकऱ्या देण्याचे धोरण येथे स्वीकारण्यात आले. काळू नदीवरील प्रस्तावित धरणाला आदिवासी व शेतकऱ्यांनी विरोध केला. वनविभागाच्या आवश्यक मंजुरीअभावी सुरू झालेल्या या कामाला २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली.

पाडे आणि पाणीटंचाई

महादेव कोळी, ठाकूर, कातकरी व वारली या आदिवासी जमाती, तसेच कुणबी व आगरी समाज हे परिसरातील प्रमुख लोकसमूह आहेत. महसुली गावाला जोडून, पण त्यापासून दूर अंतरावर, पाड्यांच्या व वाड्यांच्या स्वरूपात आदिवासींच्या वस्त्या असतात. कारवीच्या काठ्यांचे शेणामातीने लिंपलेले कूड आणि कौलारू अथवा पेंढ्याचे छप्पर हे येथील घराचे पारंपरिक रूप असून त्याची जागा हळूहळू विटांच्या घरांनी घेतली आहे. अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर भिवंडी व कल्याण परिसरातील वीटभट्ट्यांवर कामासाठी स्थलांतर करतात आणि पावसाळ्यापूर्वी परततात. त्यामुळे अशा वाड्यांतील बरीच घरे वर्षातील काही महिने बंद असतात आणि मुलांच्या शिक्षणात खंड पडतो.

जलाशयांचे पाणी प्रामुख्याने शहरांसाठी राखीव असणे आणि पाडे जलाशयाच्या पातळीपेक्षा उंचावर विखुरलेले असणे, ही येथील टंचाईची दोन प्रमुख कारणे आहेत. भातसाचे कालवे धरणाच्या खालच्या बाजूच्या शेतीला उपयोगी पडतात. वरच्या बाजूच्या गावांना त्यांचा लाभ होत नाही. कसारा, खर्डी व डोळखांब भागांतील पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरने पाणी पुरवावे लागते. यावर उपाय म्हणून इगतपुरी तालुक्यातील भावली धरणातून गुरुत्वाकर्षणाने पाणी आणण्याची योजना आखण्यात आली. तालुक्यातील शंभराच्या जवळपास गावे व अडीचशेहून अधिक पाडे तिच्या कार्यक्षेत्रात आहेत. इगतपुरी तालुका घाटमाथ्यावर असल्याने तेथून येणाऱ्या पाण्याला उपशासाठी वीज लागत नाही, हे या योजनेचे वैशिष्ट्य आहे.

जत्रा व अन्य स्थळे

मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेपासून खांबलिंगेश्वराची जत्रा भरते. बैलांच्या खरेदी-विक्रीसाठी, तसेच घोंगड्या, भांडी व शेतीची अवजारे यांच्या बाजारासाठी ती प्रसिद्ध आहे. शेतीत यंत्रांचा वापर वाढला असला, तरी जनावरांचा बाजार हे जत्रेचे मुख्य अंग राहिले आहे. याच तालुक्यातील फांगणे गावात २०१६ मध्ये सुरू झालेली ‘आजीबाईंची शाळा’ वृद्ध स्त्रियांच्या साक्षरतेच्या उपक्रमामुळे सर्वत्र परिचित झाली. शहापूर तालुक्यातील डोळखांब भागात असलेल्या आजोबा पर्वतावर वाल्मीकी ऋषींचा आश्रम होता, अशी लोकश्रद्धा आहे. शहापूरजवळील मानस मंदिर हे जैन तीर्थही भाविकांचे आकर्षण आहे.

महामार्ग व अलीकडील बदल

मुंबई–नाशिक महामार्गाच्या चौपदरीकरणानंतर भिवंडीकडील गोदामे व कारखाने वासिंद–आसनगाव पट्ट्यापर्यंत पसरले. ७०१ किलोमीटर लांबीच्या मुंबई–नागपूर समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी वाहतुकीस खुला झाला. तो शहापूर तालुक्यातून जातो. या टप्प्याचे काम सुरू असताना १ ऑगस्ट २०२३ रोजी सरळांबे गावाजवळ तुळई बसवणारे अवजड यंत्र कोसळून २० जणांचा मृत्यू झाला.

जुन्या रस्त्यावर प्रत्येक थांब्याभोवती बाजार वाढत असे. प्रवेशनियंत्रित महामार्गावर मात्र ठरावीक ठिकाणीच चढता-उतरता येते. त्यामुळे अशा जागांजवळच्या जमिनींना मागणी वाढते, तर मधल्या गावांच्या वाट्याला केवळ भूसंपादन येते. रेल्वेने शहापूरऐवजी आसनगावला दिलेले महत्त्व पाहता, नव्या मार्गाचा येथील वस्त्यांच्या रचनेवर होणारा परिणामही दीर्घकालीन ठरण्याची शक्यता आहे.