डिस्को संगीत : प्रमुख दीर्घ ध्वनिमुद्रिका

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, मुख्यत्वे न्यूयॉर्क व फिलाडेल्फिया या शहरांत, १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात आकारास आलेला नृत्यसंगीताचा प्रकार. ‘दिस्कोतेक’ या फ्रेंच शब्दापासून हे नाव रूढ झाले. चतुर्मात्रिक आवर्तनातील प्रत्येक मात्रेवर पडणारा मोठ्या ढोलाचा ठोका, हाय-हॅट झांजेची सतत उघडझाप, ठळक बेस गिटार व तंतुवाद्यवृंद ही त्याची लक्षणे. फिलाडेल्फियाचा तालवादक अर्ल यंग याने ‘द लव्ह आय लॉस्ट’ (१९७३) या गीतात वाजविलेला ठेका या शैलीचा पाया मानला जातो.

डिस्को हे केवळ सुट्या गीतांचे संगीत होय, हा समज अर्धाच खरा आहे. नृत्यगृहात एका तबकडीतून दुसरीत खंड न पडू देता जाण्याची प्रथा होती. तीच दीर्घ ध्वनिमुद्रिकेत उतरली ती ग्लोरिया गेनरच्या नेव्हर कॅन से गुडबाय (१९७५) मध्ये. तिच्या पहिल्या बाजूवरील तीन गीते टॉम मोल्टन याने सांधून सुमारे १९ मिनिटांचा अखंड प्रवाह निर्माण केला. नव्या श्रोत्याने प्रारंभ येथूनच करावा. कारण डिस्कोचा प्राण गीताच्या मुखड्यात नसून या सातत्यात आहे.

डॉना समरच्या लव्ह टू लव्ह यू बेबी (१९७५) मध्ये एकच गीत सबंध बाजू व्यापते. म्यूनिकमध्ये काम करणारे जॉर्जो मोरोडर व पीट बेलॉट हे तिचे निर्माते. त्यांच्याच आय रिमेंबर यस्टर्डे (१९७७) मध्ये गतकालीन शैलींचे अनुकरण असून अखेरचे ‘आय फील लव्ह’ मात्र भविष्याचे संगीत म्हणून योजिलेले आहे. ते जवळजवळ सर्वस्वी मूग सिंथेसायझरवर रचलेले असून पुढील इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत त्याचे मोठे ऋणी आहे.

वादनाच्या दृष्टीने शीक या वृंदाची रिस्के (१९७९) सर्वांत सरस. नाइल रॉजर्सची गिटार व बर्नार्ड एडवर्ड्‌सचा बेस यांत अनावश्यक असा एकही स्वर नाही. तीमधील ‘गुड टाइम्स’ची बेसरचना त्याच वर्षी ‘रॅपर्स डिलाइट’ला आधारभूत ठरली.

सर्वाधिक प्रसिद्धी लाभली ती सॅटर्डे नाइट फीव्हर (१९७७) या चित्रपटाच्या ध्वनिमुद्रिकासंचाला. बी जीजची त्यातील गीते उत्तम आहेत. परंतु कृष्णवर्णीय, लॅटिन अमेरिकी व समलिंगी समाजांच्या नृत्यगृहांत वाढलेल्या या संगीताचे मूळ चित्रपटाच्या कथेत झाकोळले. ज्या लेखावर तो आधारला होता, तो आपण बहुतांशी कल्पनेने रचल्याचे लेखक निक कोन याने पुढे मान्य केले. म्हणून त्यासोबत सिल्व्हेस्टरची स्टेप टू (१९७८) अवश्य ऐकावी. तीत ते मूळ उघडपणे व आनंदाने व्यक्त झाले आहे.

शिकागो येथील कॉमिस्की पार्क मैदानावर १२ जुलै १९७९ रोजी बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मध्यंतरात डिस्को ध्वनिमुद्रिकांचा ढीग स्फोटाने उडविण्यात आला. जमाव मैदानात घुसल्याने दुसरा सामना होऊ शकला नाही. या रोषामागे वर्णद्वेष व समलिंगी व्यक्तींविषयीचा तिटकारा होता, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. अमेरिकेत ही लाट लवकरच ओसरली. भारतात मात्र ती याच सुमारास उसळली : कुर्बानी (१९८०) या हिंदी चित्रपटातील ‘आप जैसा कोई’ हे नाझिया हसनने गायिलेले गीत मूळच्या बंगलोरच्या बिद्दू यांनी रचले आणि पाठोपाठ या दोघांची डिस्को दीवाने (१९८१) ही दीर्घ ध्वनिमुद्रिका आली.