अधिशोषण : एक संज्ञा आणि तिने झाकलेले पाणी

किहीमच्या किनाऱ्यावर लोखंडाचा खिळा किंवा बिजागरी फार काळ निर्मळ राहत नाही. खाऱ्या ओलाव्याचा पातळ थर बसला की त्या पृष्ठावर काही ठिकाणी लोखंड विरघळू लागते आणि त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन अन्यत्र ऑक्सिजन स्वीकारतो. तारेने कोठेही न जोडलेला असा तुकडा वस्तुतः विद्युदग्रच होय. दक्षिणेस कुलाबा किल्ल्यावर १८४९ हे साल कोरलेल्या ज्या दोन इंग्रजी तोफा आहेत, त्यांनाही हाच नियम लागू आहे. गंज रोखणारी अनेक सेंद्रिय द्रव्ये या पृष्ठाला चिकटूनच कार्य करतात. ती कशी चिकटतात व केव्हा सुटतात, हा प्रश्न म्हणूनच केवळ प्रयोगशाळेचा नाही.

या क्रियेला आपण ‘अधिशोषण’ म्हणतो. मूळ युरोपीय संज्ञा हाइनरिख कायझर याने १८८१ मध्ये एमिल द्यु ब्वा-रेमों याच्या सूचनेवरून रूढ केली. तिच्यातील लॅटिन उपसर्गाचा अर्थ ‘कडे’, तर आपल्या ‘अधि’चा अर्थ ‘वर’. धातू मात्र दोन्हीकडे शोषण्याचाच. या शब्दाने जे वाक्य मनात उभे राहते, त्यात धातू हा कर्ता आणि रेणू हे कर्म असते. पाण्याला त्या वाक्यात स्थानच उरत नाही. या क्षेत्राचा पुढील इतिहास म्हणजे त्या वगळलेल्या पदाचा शोध होय.

त्याचा आरंभ पाऱ्यापासून झाला. विद्युत् दाब बदलला की पाऱ्याचा पृष्ठताणही बदलतो, हे गाब्रिएल लिपमन याने १८७० नंतरच्या दशकात मोजून दाखविले. दाब व पृष्ठताण यांचा आलेख कमानीसारखा येतो. पृष्ठ विद्युत् भाररहित असते तेथे त्याचे शिखर असते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी गुई याने विद्रावात अनेक सेंद्रिय द्रव्ये घालून तेच मापन केले. तेव्हा बहुधा असे आढळले की, शिखर खाली येते. परंतु भार पुरेसा धन किंवा पुरेसा ऋण झाला की दोन्ही बाहू मूळ आलेखास पुन्हा मिळतात. याचा अर्थ, रेणू तेथे पृष्ठ सोडून जातात. धातूच रेणूंना ओढून घेत असेल, तर दोन्ही टोकांना त्याने ते का सोडावेत?

उत्तर अलेक्झांडर फ्रुमकिन याने १९२६ च्या सुमारास दिले. भारित पृष्ठालगतचे विद्युत् क्षेत्र अतिशय तीव्र असते, आणि अशा क्षेत्रात अधिक विद्युत् अपारक स्थिरांकाचा पदार्थ राहणे ऊर्जेच्या दृष्टीने लाभाचे ठरते. पाण्याचा हा स्थिरांक बहुतेक सेंद्रिय द्रव्यांहून बराच मोठा आहे. म्हणून भार वाढताच पाणी आत येते व सेंद्रिय रेणू बाहेर पडतो.

घन धातूंचे पृष्ठ पाऱ्याप्रमाणे गुळगुळीत नसते व स्वच्छ राखणेही कठीण. म्हणून तेथील प्रगती मंद झाली. १९६४ मध्ये बॉक्रिस व स्विंकेल्स यांनी डेसिलअमाइनाचा घन धातूंवर अभ्यास केला. त्यांच्या मांडणीत एक सेंद्रिय रेणू आत येतो, तेव्हा पाण्याचे काही रेणू बाहेर जातात. हा सरळ विनिमय होय. १९७४ मध्ये साउदॅम्प्टन येथे फ्लाइशमन, हेंड्रा व मॅकक्विलन यांनी खरखरीत केलेल्या चांदीच्या विद्युदग्रावरील पिरिडिनाचा रामन वर्णपट मिळविला. भारतात १९२८ मध्ये लागलेल्या शोधाच्या साह्याने पृष्ठावरील रेणूची ओळख प्रत्यक्ष पटविता आली.

यातून निघणारा निष्कर्ष व्यावहारिकही आहे. एका विद्युत् दाबास लोखंडाचे रक्षण करणारे द्रव्य दुसऱ्या दाबास तेथे टिकेलच असे नाही. त्याची पारख करताना पृष्ठाचा भार पाहिलाच पाहिजे. संज्ञा आता रुळलेली आहे व ती बदलण्याचे प्रयोजन नाही. तथापि व्याख्येत पाण्याचा उल्लेख अवश्य हवा. तो वगळल्यास विद्यार्थ्याच्या मनात धातूची तहान तेवढी राहते आणि खरी घटना, म्हणजे जागेसाठी चाललेली देवघेव, निसटून जाते.