गोदामाचे छप्पर हिरवे, पण कुणासाठी?

आमच्या अभ्यासवर्गात येणारा एक मुलगा भिवंडीजवळच्या गोदामात ठेकेदाराकडे माल चढवण्या-उतरवण्याचे काम करतो. मे महिन्यात तो वर्गाला येतो तेव्हा त्याच्या शर्टावर घामाच्या मिठाचे पांढरे पट्टे उमटलेले असतात. मध्यंतरी त्याने सांगितले, "आमच्या शेजारचं गोदाम आता ग्रीन झालंय." छतावर सौर पॅनेल, पावसाचे पाणी मुरवायला खड्डे, दिवसा वीज जळू नये म्हणून पारदर्शक पत्रे. आम्ही विचारले, "आत गार वाटतं का?" तो नुसता हसला.

त्या हसण्याने आम्हाला इतिहासाकडे वळवले. पर्यावरणपूरक गोदामांना आमचा विरोध नाही. एवढाली छपरे रिकामी तापत ठेवण्यापेक्षा त्यांवर वीज तयार झालेली बरी. पण ही गोदामे तिथे आलीच कशी, हे सोडून त्यांच्या हिरवेपणाची चर्चा करणे म्हणजे सातबारा न पाहता जमीन घेणे होय.

भिवंडीला गोदामे का आली? महामार्ग आणि बंदर जवळ म्हणून, असे पटकन सांगितले जाते. ते अर्धेच खरे. मोठे कारण होते जकात. मुंबई महापालिकेच्या हद्दीत माल शिरला की जकात भरावी लागे. मग व्यापाऱ्याने हिशेब केला : माल हद्दीबाहेर, जकात नसलेल्या ग्रामपंचायतीत ठेवायचा आणि लागेल तेवढाच शहरात न्यायचा. काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, माणकोली, वळ या गावांच्या भातखाचरांत भराव पडले आणि पत्र्याच्या शेड उठल्या. गटारे, रस्ते, सांडपाणी यांचा विचार मागून आला. या परिसरातील गावांसाठी एमएमआरडीएला नियोजन प्राधिकरण नेमले गेले ते 2007 मध्ये, म्हणजे गोदामे आधी आणि नियोजन नंतर! पावसाचे पाणी धरून ठेवणारी खाचरे बुजवायची आणि मग त्याच जागी पाणी मुरवण्याचे खड्डे खोदून गुण मिळवायचे, याला काय म्हणावे?

1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. भिवंडी ओस पडेल असे काहींना वाटले होते. झाले उलटेच. पूर्वी आंतरराज्य विक्रीवरचा केंद्रीय विक्रीकर टाळण्यासाठी कंपन्या राज्याराज्यांत छोटी गोदामे ठेवत. ती गरज संपली आणि मोक्याच्या ठिकाणी प्रचंड गोदामे बांधणे परवडू लागले. त्याच वर्षी केंद्राने या क्षेत्राला पायाभूत सुविधांचा दर्जा दिला. मोठे भांडवल आले, त्याच्यासोबत लीड आणि आयजीबीसीची हरित प्रमाणपत्रे आली.

आता छपराकडे येऊ. 1948 च्या कारखाने कायद्यात कलम 13 होते. कारखान्यात हवा खेळती हवी, आणि भिंती व छप्पर अशा साहित्याचे हवे की आतले तापमान शक्य तितके कमी राहील, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. म्हणजे छपराचा विचार कामगाराच्या शरीरापासून सुरू झाला होता. पण मेख अशी की, शीतगृह सोडले तर नुसता माल साठवणे ही त्या कायद्याच्या लेखी उत्पादनप्रक्रिया नव्हती. गिरणीतल्या कामगाराला जे छप्पर मिळाले, ते गोदामातल्या हमालाला मिळाले नाही.

इथे आपल्याच भाषणांतली एक चूक दुरुस्त करतो. बाबासाहेबांनी कामाचे तास बारावरून आठ केले, असे आपण सांगतो. ते मजूर मंत्री असताना झालेल्या 1946 च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांचा आठवडा 54 तासांवरून 48 वर आला, ही नोंद आहे. ती पुरेशी मोठी आहे, फुगवायची गरज नाही. पण तीही कारखान्यांपुरतीच होती. हमालांसाठी महाराष्ट्रात माथाडी कायदा व्हायला 1969 उजाडले, आणि तोही अण्णासाहेब पाटलांसारख्यांनी संघटना उभारून लढल्यावर. आज ज्याच्या नावाची माथाडी मंडळात नोंदच नाही, त्या ठेकेदारी पोराला त्या कायद्याचा काय उपयोग?

हरित प्रमाणपत्रांत माणसाच्या सोयीचे काही गुण असतात, नाही असे नाही. पण मजुरी, नोंदणी आणि जमिनीचा पूर्वीचा हक्क यांवर ती प्रमाणपत्रे उभी नाहीत.

जमिनीचेही तसेच. 1 ऑगस्ट 1959 पासून महार वतने संपली. आपल्या लोकांना त्या जमिनी परत दिल्या गेल्या त्या नव्या शर्तीवर. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय त्या विकता येत नव्हत्या. महामार्गालगतच्या जमिनींना सोन्याचा भाव आल्यावर ही शर्त कुठे पाळली गेली आणि कुठे कागदावरच राहिली, हे गावोगाव तपासायला हवे. म्हणून आमच्या वर्गाने ठरवले आहे की, येत्या महिन्यात दोन गावांचे जुने फेरफार तलाठी कार्यालयातून काढायचे. आणि त्या मुलासोबत आणखी चौघे माथाडी मंडळात नोंदणीचा अर्ज घेऊन जाणार आहेत. अर्जात मालकाचे नाव काय लिहायचे, ठेकेदाराचे की गोदामाचे, यावर अजून आमचा वाद चालू आहे.