गनाश

गरम क्रीममध्ये चॉकलेट विरघळवून केलेले मऊ, तुकतुकीत मिश्रण. मूळ फ्रेंच मिठाईकामातले. केकवर ओतायला, थरांमध्ये भरायला, नोझलने नक्षी काढायला, ट्रफलच्या गोळ्या वळायला आणि गणेशोत्सवात चॉकलेट मोदकांच्या सारणाला ते चालते. आपल्याकडे दुकानात 'चॉकलेट ट्रफल' म्हणून मिळणाऱ्या केकचे भरण आणि आवरण बहुधा गनाशच असते.

चॉकलेट बारीक चिरून भांड्यात घ्यावे. क्रीम मंद आचेवर, कडेला बुडबुडे दिसेपर्यंतच तापवावे. उकळी फुटू देऊ नये. ते चॉकलेटवर ओतून दोन-तीन मिनिटे हात लावू नये. मग मधोमध लहान वर्तुळात ढवळायला सुरुवात करावी. आधी मिश्रण फाटल्यासारखे, डागाळलेले दिसते. मग मध्यभागी काळा, चकचकीत ठिपका उमटतो आणि ढवळत गेल्यावर कडेपर्यंत पसरतो. क्रीममधल्या पाण्यात कोको बटरचे सूक्ष्म थेंब नीट मिसळल्याची ती खूण आहे. तूप सुटलेच तर चमचाभर कोमट दूध घालून ढवळावे; गनाश बहुतेक वेळा सावरते. दुधावरची घरची साय मात्र टाळावी, कारण तिच्या गुठळ्या राहतात आणि स्निग्धांशाचा अंदाज येत नाही. अमूलच्या फ्रेश क्रीममध्ये स्निग्धांश २५ टक्के असतो. ते फेटून फुलत नाही, पण गनाशला पुरते.

वजनी प्रमाण कामावर ठरते. केकवर ओतायला आणि ओघळ सोडायला डार्क चॉकलेट व क्रीम सारखे, भरणाला व ट्रफलला दोनास एक. व्हाइट चॉकलेट मऊ असल्याने तीनास एक. ओघळांसाठी केक फ्रिजमधून थेट काढलेला आणि गनाश जेमतेम कोमट हवे, नाहीतर धार ताटापर्यंत जाते.

पुस्तकांतली ही प्रमाणे बहुतेक थंड देशांतून आलेली आहेत आणि मराठवाड्यात ती फसतात. अंबड तालुक्यातले अंकुशनगर हेच उदाहरण घ्या. जालना जिल्ह्याच्या या भागात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळते. म्हणजे खऱ्या चॉकलेटचे गनाश इथल्या दुपारी सावलीतही पातळ होते. त्यावर उपाय दोन. एक, उन्हाळ्यात क्रीम कमी करून चॉकलेट वाढवावे. दुसरा, कंपाउंड वापरावे. मंचरला कारखाना असलेल्या मोर्डेसारख्या कंपन्यांच्या वड्या यासाठीच घरोघरी पोचल्या आहेत. कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी वनस्पती तेलाचे घट्ट रूप असते. ते उष्णतेत जास्त तग धरते आणि स्वस्तही पडते. मात्र जिभेवर तसे विरघळत नाही, टाळूला पातळ थर चिकटतो. मोटारसायकलवरून पाच-दहा किलोमीटर न्यायच्या केकला कंपाउंडच योग्य. त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. घरातल्या घरात, संध्याकाळी कापायच्या केकला मात्र खरे चॉकलेट घ्यावे, चवीतला फरक मुलांनाही कळतो.

कंपाउंडमध्ये साखर मोठ्या प्रमाणात असते, म्हणून अशा गनाशमध्ये वरून साखर घालू नये. चिमूटभर मीठ किंवा अर्धा चमचा विरघळवलेली कॉफी गोडी आटोक्यात ठेवते.

गनाशला झाकण लावण्याआधी त्याच्या पृष्ठभागाला टेकेल असे प्लास्टिक लावावे, म्हणजे वर साल धरत नाही. फ्रिजमध्ये ते चार-पाच दिवस टिकते. पण त्यात दुग्धजन्य क्रीम आहे, त्यामुळे भर उन्हाळ्यात ओट्यावर दोन तासांपेक्षा जास्त राहिलेले गनाश केकवर लावू नये. भारनियमनाच्या दिवशी करायचे असेल तर वीज येण्याची वेळ पाहूनच क्रीम तापवावे.

वडी विकत घेताना वेष्टनावरची घटकांची यादी वाचावी. पहिल्या काही घटकांत कोको बटर असेल तर ते चॉकलेट; वनस्पती स्निग्धांश असेल तर ते कंपाउंड, आणि प्रमाण त्याप्रमाणे धरावे.