टूसॉन: महापौरांचे शहर की मतदारांचे?

ॲरिझोनाच्या वाळवंटातील टूसॉनचा इतिहास बहुधा महापौरांच्या नावांनी सांगितला जातो. 1875 साली निवडून आलेले मेक्सिकोत जन्मलेले एस्तेवान ओचोआ, 1971 ते 1987 अशी सोळा वर्षे पद भूषवणारे लू मर्फी, 2019 मध्ये पहिल्या लॅटिना महापौर ठरलेल्या रेजिना रोमेरो. या व्यक्तींचे कर्तृत्व मोठे आहेच; पण शहराला वळण लावले ते पाण्याने, आणि पाण्याबाबत शेवटचा शब्द मतदारांचा राहिला. 1976 मध्ये पाणीपट्टी वाढताच संताप उसळला आणि पुढच्याच वर्षी मतदारांनी नगर परिषदेच्या सदस्यांना पदावरून दूर केले. मात्र त्याच 1977 साली उन्हाळ्यातला पाणीवापर कमी करण्याची मोहीमही सुरू झाली.

यावर आक्षेप असा, की लोक फक्त आजचे बिल पाहतात. दूरदृष्टी नेत्यांकडेच असते. हा आक्षेप अर्धाच खरा आहे. कोलोरॅडो नदीचे पाणी सुमारे 540 किलोमीटरच्या कालव्याने आणणे लोकांच्या रोषावर सोडले असते तर घडले नसते. पण 1992 मध्ये ते पाणी घरोघरी सोडल्यावर जुने नळ गंजले आणि गढूळ, तांबूस पाणी आले. तज्ज्ञांच्या या चुकीची पुनरावृत्ती 1995 च्या सार्वमताने रोखली. पुढे तेच पाणी ॲव्हरा खोऱ्यात जमिनीत मुरवून, भूजलात मिसळून 2001 पासून पुरवले जाऊ लागले. दूरदृष्टीला लोकांचा अंकुश लागला, म्हणूनच ती टिकाऊ ठरली.